कुरंगांचे औषधी निश्चलीकरण

मोकळ्या रानात वावरणाऱ्या कुरंगास दुरून औषध टोचून काही काळ हालचाल करण्यास असमर्थ करणे व काम उरकताच त्यास पूर्ववत पायांवर उभे करणे, या पद्धतीस औषधी निश्चलीकरण असे म्हणतात. जखमेवर उपचार करणे, रक्ताचे नमुने घेणे, खुणेचा पट्टा किंवा रेडिओ-प्रेषक बसविणे आणि प्राणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे, या कामांसाठी तिचा उपयोग होतो. गो-कुलातील गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या गटांत न बसणाऱ्या, पोकळ व कायम टिकणाऱ्या शिंगांच्या प्राण्यांना सामान्यतः कुरंग म्हणतात. महाराष्ट्रात काळवीट, चिंकारा, नीलगाय व चौशिंगा हे चार कुरंग आढळतात [⟶ काळवीट, नीलगाय]. सांबर, चितळ व भेकर यांना बोलीत हरीणच म्हटले जाते; परंतु त्यांची शिंगे भरीव असून दरवर्षी गळून पडतात आणि त्यांचे कुलही वेगळे आहे.

या पद्धतीचा इतिहास सु. सत्तर वर्षांचा आहे. प्राणी खाली पाडणे ही त्यातील अडचण लवकर सुटली. पाडलेला प्राणी जगविणे ही अडचण मात्र अद्याप पूर्णपणे सुटलेली नाही. कुरंग हा गो-कुलातील सर्वांत भित्र्या व वेगवान प्राण्यांपैकी असल्याने ती त्याच्या बाबतीत विशेष तीव्र आहे.

पूर्वपीठिका : औषधे उपलब्ध होण्यापूर्वी जिवंत कुरंग धरण्याचे मार्ग जाळे, फास व माणसाळविलेला प्राणी हे होते. शिंगांना जाळे बांधलेला पाळीव काळवीट रानातील काळविटावर सोडून दोघांची झुंज लावावयाची व शिंगे जाळ्यात गुंतली की रानातला काळवीट पकडावयाचा, या मोगलकालीन रीतीचे वर्णन आईन-इ-अकबरी या ग्रंथात आहे. महाराष्ट्रातील फासेपारध्यांचे नावच त्यांच्या फासांवरून पडले असून हरणांच्या वाटा, त्यांच्या सवयी व वाऱ्याची दिशा यांचे त्यांचे ज्ञान पिढीजात होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यामुळे या ज्ञानाची शास्त्रीय नोंद तर झाली नाहीच, उलट ते धारण करणारेच पोलिसांच्या पहाऱ्यात गेले. कोल्हापूर संस्थानात शिकविलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणण्यात येत. या सर्व मार्गांत प्राण्याचा जीव वाचणे हा बहुधा योगायोगाचा भाग असे.

विषारी बाणांची परंपराही जुनी आहे. हिमालयाच्या पूर्व भागातील काही जमाती बाणांच्या टोकांना बचनाग लावीत. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी क्यूरारी हे वनस्पतिजन्य विष वापरीत. त्याने मेलेल्या प्राण्याचे मांस खाल्ल्यास अपाय होत नसे, ही गोष्ट यूरोपीय प्रवाशांना चमत्कारिक वाटली. चार्ल्स वॉटर्टन यांनी १८१४ मध्ये लंडन येथे एका गाढविणीस क्यूरारी टोचून नंतर भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरली; ती गाढवीण जगली. प्राणी विषाने नव्हे, तर श्वास थांबल्याने मरतो आणि श्वास चालू ठेवल्यास तो वाचू शकतो, हे यातून स्पष्ट झाले. पुढे १८५० च्या सुमारास क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाविज्ञांनी क्यूरारीचा परिणाम तंत्रिका व स्नायू यांच्या संधीवर होतो, असे प्रयोगाने दाखविले. १९३५ मध्ये हॅरल्ड किंग यांनी त्यातील ट्युबोक्युरारीन हे शुद्ध अल्कलॉइड वेगळे केले.

स्नायुशिथिलकांचा काळ : वन्य प्राण्यांसाठी प्रथम वापरली गेलेली औषधे याच गटातील होती. गॅलामीन या कृत्रिम स्नायुशिथिलकाचा पांढऱ्या शेपटीच्या हरणावरील प्राथमिक प्रयोग अमेरिकेत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात जॉर्जिया राज्यात निकोटिनाची संयुगे हरणांवर वापरण्यात आली व त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या दाबावर चालणारी बंदूकही तयार झाली. न्यूझीलंडमधील औषधविक्रेते व संशोधक कोलिन मर्डॉक यांनीही याच सुमारास अशा बंदुकीची रचना केली.

या बंदुकीतून सुटणारा सुईबाण म्हणजे उडणारी पिचकारीच होय. पुढे जाड सुई, मधे औषधाची नळी, तीत दट्ट्या आणि मागे दिशा स्थिर ठेवणारे केसांचे वा पिसांचे शेपूट, अशी त्याची रचना असते. बाण शरीरावर आदळताच दट्ट्यामागील लहानशा दारूचा स्फोट होतो किंवा कोंडलेल्या हवेचा दाब मोकळा होतो आणि एका क्षणात औषध स्नायूत शिरते.

आफ्रिकेत या कामाचा पाया घालण्याचे श्रेय मुख्यत्वे ए. एम. हार्थूर्न या पशुवैद्याकडे जाते. १९६० मध्ये एच. के. ब्यूक्नर व जे. ए. लॉक यांच्यासमवेत त्यांनी युगांडा कॉब या कुरंगाचे सक्सिनिलकोलिनाने निश्चलीकरण केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. कॉबचे नर विणीच्या मैदानात लहानलहान क्षेत्रे वाटून घेतात. कोणता नर कोणते क्षेत्र राखतो हे कळण्यासाठी त्यांना ओळखीच्या खुणा करणे आवश्यक होते. कुरंगाच्या वर्तनाचा अभ्यास आणि त्याला धरण्याचे तंत्र यांची सांगड येथे प्रथमच इतकी घट्ट बसली.

स्नायुशिथिलकांचे दोष मात्र लवकरच ध्यानी आले. स्नायू लुळे पडले, तरी प्राण्याची शुद्ध जात नाही; त्याला दिसते, ऐकू येते व वेदनाही होतात. उपयुक्त मात्रा व प्राणघातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. शंभर पावलांवरील प्राण्याचे वजन नजरेने ठरवावे लागत असल्याने थोड्याशा चुकीने श्वासपटल बंद पडून प्राणी दगावतो आणि चूक उलट दिशेने झाली, तर अर्धवट लुळा होऊन धडपडतो. सक्सिनिलकोलिनावर वापरण्याजोगा उताराही नव्हता. आज कुरंगांसाठी केवळ स्नायुशिथिलक वापरणे अमानुष मानले जाते.

झँबीझी नदीवरील करिबा धरणाचे पाणी १९५८ च्या अखेरीस चढू लागल्यावर टेकड्यांच्या बेटांवर अडकलेले वन्य पशू वाचविण्यासाठी ‘ऑपरेशन नोआ’ ही मोहीम १९६४ पर्यंत चालली. तीत पाच हजारांहून अधिक प्राणी हलविण्यात आले. औषधांचा उपयोग मुख्यतः गेंड्यांसारख्या अवजड पशूंसाठी झाला. कुरंगांना मात्र पाण्यात पोहत असताना हातांनी धरून नावेत घेण्यात आले व त्यांचे पाय काचू नयेत म्हणून नायलॉनच्या पायमोज्यांच्या वेण्या घालून केलेल्या दोऱ्यांनी बांधण्यात आले. साधे साधन पुरेसे असेल तेथे औषध टाळावे, हा धडा या मोहिमेतून मिळाला.

अफूजन्य औषधांचे युग : के. डब्ल्यू. बेंटली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये १९६० मध्ये अफूतील थेबाइनापासून एटॉर्फिन हे संयुग तयार केले. ‘एम ९९’ या सांकेतिक नावाने ते प्रसिद्ध झाले. मॉर्फिनाच्या हजारपटींहून अधिक प्रभावी असलेल्या या औषधाचे काही मिलिग्रॅम हत्तीलाही पुरतात. त्यामुळे लहान सुईबाणातही पुरेशी मात्रा मावते. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यास उतारा आहे. डायप्रेनॉर्फिन शिरेत टोचताच पडलेला प्राणी काही मिनिटांत उठून चालू लागतो. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात पांढरा गेंडा अन्यत्र वसविण्याच्या ज्या मोहिमेचे नेतृत्व इअन प्लेअर यांनी केले, तिला या औषधाने बळ दिले. हार्थूर्न यांनी कुरंगांच्या अनेक जातींवर शांतकांसह त्याचे प्रयोग केले. त्यांचा वन्य प्राण्यांच्या औषधी पकडीवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

एटॉर्फिन माणसालाही तितकेच घातक आहे. त्वचेवरील ओरखड्यातून वा डोळ्यांत उडालेल्या थेंबातून शिरलेला अल्प अंशही श्वास थांबवू शकतो. म्हणून हे औषध हाताळणारा पशुवैद्य कधीही एकटा काम करीत नाही. माणसासाठीचा उतारा जवळ ठेवणे व तो टोचता येणारा सहकारी हजर असणे अनिवार्य मानतात.

अफूजन्य नसलेल्या औषधांचा प्रवाहही याच काळात सुरू झाला. जर्मनीत १९६२ मध्ये तयार झालेले झायलाझीन हे शामक व त्याच वर्षी अमेरिकेत तयार झालेले केटामीन हे शुद्धिहारक यांचे मिश्रण बहुतेक लहान-मोठ्या कुरंगांना चालते. म्यूनिक येथील हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात हेनिंग व्हीस्नर यांनी सिद्ध केलेले या दोहोंचे तीव्र मिश्रण त्या संग्रहालयाच्या नावानेच ओळखले जाते. झायलाझिनाचा परिणाम योहिंबीन किंवा अ‍ॅटिपामेझोल यांनी उतरविता येतो; केटामिनास मात्र उतारा नाही. त्यामुळे केटामिनाचा अंमल ओसरण्यापूर्वी झायलाझिनाचा उतारा दिल्यास प्राणी झटके देत धडपडतो.

पकडजन्य स्नायुविकृती : १९६३ मध्ये केन्यातील हिरोला या दुर्मिळ कुरंगाचे काही प्राणी त्साव्हो राष्ट्रीय उद्यानात हलविण्यात आले. त्यांतील मृत प्राण्यांच्या स्नायूंत फिकट, मृत झालेले पट्टे आढळले आणि त्यांचे वर्णन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पकडजन्य स्नायुविकृती कुरंगांच्या निश्चलीकरणातील सर्वांत मोठा धोका होय. पाठलागात स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडून लॅक्टिक अम्ल साचते, रक्ताची अम्लता वाढते आणि शरीराचे तापमान चढते. स्नायुतंतू फुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात मिसळते. ते मूत्रपिंडात अडकून लघवी गडद तपकिरी होते. प्राणी काही तासांत, कधी कित्येक दिवसांनी मरतो. म्हणजे वर्तमानपत्रात सुटकेचे छायाचित्र छापून येते, त्या वेळी सुटलेला प्राणी रानात मरणाच्या वाटेवर असू शकतो. हा विकार एकदा जडल्यावर उपचार क्वचितच लागू पडतात. प्रतिबंध हाच खरा उपाय होय. पाठलाग दोन-तीन मिनिटांवर नेऊ नये, भर उन्हात काम करू नये व बघ्यांची गर्दी दूर ठेवावी, हे नियम यातूनच निघाले. सुईबाणात हायल्युरोनिडेज हे एंझाइम मिसळल्यास औषध लवकर शोषले जाऊन प्राण्याची धाव कमी होते.

कार्यपद्धती : बाण मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर मारतात. नीलगायीच्या दोनशे किग्रॅ. हून अधिक वजनाच्या नराला सोसणारा आघात सु. २३ किग्रॅ. वजनाच्या चिंकाऱ्याचे हाड मोडू शकतो किंवा सुई पोटात शिरू शकते. यासाठी दाब व अंतर यांचा मेळ दर वेळी नव्याने घालावा लागतो. प्राणी पडल्यावर प्रथम डोळ्यांवर पट्टी बांधतात व कानांत बोळे घालतात. आवाज बंद ठेवतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यास कुशीवर आडवे ठेवल्यास पोटात वायू कोंडून फुप्फुसांवर दाब येतो आणि जठरातील चारा घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याला छातीवर बसते करून मान उंच व नाक खाली ठेवतात. श्वास, नाडी व गुदद्वारातील तापमान यांची काही मिनिटांच्या अंतराने नोंद करतात. तापमान ४१° से. च्या पुढे गेल्यास अंगावर पाणी ओतून उतारा ताबडतोब देतात. काही अफूजन्य औषधांचा अंमल उताऱ्यापेक्षा अधिक टिकतो आणि उठलेला प्राणी काही तासांनी पुन्हा गुंगतो. श्वापदांच्या रानात अशी दुसरी गुंगी प्राणघातक ठरते.

भारत व महाराष्ट्र : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट, चिंकारा व चौशिंगा यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. त्याच्या अकराव्या कलमात पुढे अशी तरतूद झाली की, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यास धरणे, गुंगविणे वा हलविणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्याखेरीज त्यास मारण्याचा आदेश देता येत नाही. तसेच पकड प्राण्यास कमीत कमी आघात होईल अशा रीतीने झाली पाहिजे. पशुवैद्याच्या कौशल्यास येथे कायद्याचे अधिष्ठान लाभले. औषधांच्या उपलब्धतेवर मात्र दुसऱ्या कायद्याचे नियंत्रण आहे. एटॉर्फिन हे मादक द्रव्यविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते. भारतात त्यावर १९८५ च्या मादक द्रव्य कायद्याचे बंधन असून ते आयात करावे लागते. २०११ मध्ये केटामीनही त्या कायद्याखाली आले.

महाराष्ट्रातील काळविटांचा मुख्य अधिवास पठारावरील गवताळ माळ हा होय. नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये व रेहेकुरी येथील २·१७ चौ. किमी. चे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये स्थापन झाले. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० मधील आहे, तर चिंकाऱ्यासाठीचे मयूरेश्वर-सुपे अभयारण्य १९९७ मधील आहे. ही क्षेत्रे लहान असल्याने कळप भोवतालच्या शिवारात चरतात, रस्ते ओलांडतात आणि कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. विहिरीतील प्राण्यास गुंगीचे औषध देणे हे पाण्यात बुडविण्यासारखेच होय. तेथे जाळी, दोर, खाट व अनुभवी माणसे हीच उपयोगी पडतात; औषधाचा विचार प्राणी कोरड्या जमिनीवर आल्यावरच करावयाचा असतो. वन्य प्राण्यांच्या वैद्यकाचे अध्यापन व उपचार यांत मुंबई (१८८६) व नागपूर (१९५८) येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये, तसेच नागपूरजवळील गोरेवाडा येथील केंद्र यांचा वाटा आहे.

कोकणातील चित्र निराळे आहे. रायगड जिल्ह्यात मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान असलेल्या खांब (ता. रोहे) यासारख्या गावांच्या भोवती भातखाचरे व झाडीने भरलेल्या टेकड्या असून मैदानी कुरंगांना मानवणारा माळ तेथे नाही. पावसाळी कोकणात काळवीट वा चिंकारा यांचे कळप नाहीत. मुरूड व रोहे तालुक्यांतील फणसाड अभयारण्यात (१९८६) सांबर, भेकर व पिसोरी हे प्राणी आहेत. कुरंगांवरील प्रयोगांतून मिळालेले ज्ञान येथे या दुसऱ्या कुलांतील प्राण्यांसाठी लावावे लागते व भूप्रदेशाप्रमाणे त्यात बदल करावा लागतो. माळावर बाण लागलेला प्राणी नजरेच्या टप्प्यात पडतो. दाट झाडीत तो औषधाचा अंमल चढण्यापूर्वी दिसेनासा होतो आणि वेळेत न सापडल्यास उतारा जवळ असूनही व्यर्थ ठरतो.

मोठ्या स्थलांतरांचा अनुभव मध्य प्रदेशात मिळाला. गो-कुलातीलच गवा बांधवगडातून नाहीसा झाल्यावर २०११ व २०१२ मध्ये कान्ह्यातील पन्नास गवे निश्चलीकरणाने तेथे नेण्यात आले. कुरंगांच्या कळपांसाठी मात्र एकेकास बाण मारणे व्यवहार्य नाही. दक्षिण आफ्रिकेत यान ओलोफसे यांनी १९६० नंतरच्या दशकात अपारदर्शक प्लॅस्टिकच्या पडद्यांची निमुळती वाट उभारून कळप आत हाकण्याची पद्धत प्रचारात आणली. तिला बोमा पद्धत म्हणतात. पलीकडचे दिसत नसल्याने कुरंग पडद्यावर धडकत नाही. तीत औषधाचे काम प्राणी पाडण्याचे नसून वाहतुकीत त्याची भीती शमविण्याचे असते. दीर्घकाल परिणाम करणारी शांतके त्यासाठी १९८० नंतर वापरात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर परिसरातील शेतांतून हेलिकॉप्टर व बोमा यांच्या साहाय्याने नऊशेहून अधिक काळवीट व नीलगायी हलविण्यात आल्या.

मर्यादा : निश्चलीकरण हे उपचाराचे व व्यवस्थापनाचे साधन आहे, शेतकरी व वन्य प्राणी यांच्या संघर्षावरील तोडगा नव्हे. विदर्भात रोही म्हणून ओळखली जाणारी नीलगाय एका रात्रीत उभे पीक तुडविते आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. बिहारमध्ये २०१५ च्या अखेरीस नीलगाय उपद्रवी प्राणी म्हणून घोषित झाली व जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगायी गोळी घालून मारण्यात आल्या. त्यावर देशभर वाद झाला. ‘गुंगवून दुसरीकडे सोडा’ ही अशा वेळी होणारी सूचना ऐकण्यास सोपी आहे. परंतु प्रत्येक प्राण्यामागे लागणारा खर्च, प्रशिक्षित पशुवैद्यांची अल्प संख्या, पकडीतील मृत्यू आणि नेऊन सोडण्याजोगे मोकळे रान शिल्लक नसणे, यांमुळे ती मोठ्या प्रमाणावर अमलात येऊ शकत नाही. गवताळ माळ ही पडीक जमीन समजून नांगरली वा झाडे लावून बुजविली गेली, तर हलविलेला कळप पुन्हा कोणाच्या तरी शेतातच उतरणार.

म्हणून या शास्त्राची कसोटी किती प्राणी पाडले यावर ठरत नाही. सोडल्यानंतर महिनाभराने त्यांपैकी किती जिवंत होते, या नोंदीवर ती ठरते. अशी नोंद ठेवणे हे बाण मारण्याइतकेच पशुवैद्याच्या कर्तव्याचे अंग मानले जाते.